३१४५ नग

काकांनी पहिल्या दिवशी खोकं उघडलंच नाही. आधी त्याचं वजन केलं. घरातल्या वजनकाट्यावर ते एकदा नुसते उभे राहिले, मग खोकं कवटाळून उभे राहिले, वजाबाकी केली आणि आकडा वहीत लिहिला. खोक्याचे कोपरे कुठे दबलेत ते बघून त्याची वेगळी नोंद झाली. मग साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावणं आलं. मी नुकताच लोकलमधून सुटून चहाचा कप तोंडाला लावला होता.

‘‘सही कशाची, काका?’’

‘‘माल सुस्थितीत मिळाल्याची.’’

माल म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स. त्याचा सांगाडा. लेगोचा. नग ३१४५.

काका आमच्या समोरच्या दारातले. त्यांचं नाव मी इथे देत नाही, कारण दिलं तर ते हा लेख वाचतील आणि त्यातले शब्द मोजतील. छत्तीस वर्षं त्यांनी टिटवाळा ते माटुंगा असा लोकलचा प्रवास केला, तिथल्या रेल्वे वर्कशॉपात, स्टोअरला. गाडी दुरुस्त कशी होते याच्याशी त्यांचा फारसा संबंध आला नाही. दुरुस्तीला लागणारा बोल्ट कुठल्या खणातून गेला, कुणी नेला आणि मागे किती उरले, एवढंच जग त्यांना पुरलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं. घरी येऊन त्यांनी ते वहीत चढवलं: ‘घड्याळ, भिंतीचे, चालू स्थितीत, नग १.’ मग भिंतीवर लावलं.

लग्नाच्या पंगतीत तुम्ही-आम्ही जिलबी बघतो, काका पानं बघतात. टिटवाळा लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून लोक क्रिकेट बोलायचे, काका डब्यात उभे किती ते मोजायचे. आमच्या सोसायटीत एकदा अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन झालं. मोजणीला अर्थातच काका. हजार झाली म्हणून गुरुजी थांबले, तर काकांच्या कागदावर नऊशे अठ्ठ्याण्णव. गुरुजींनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा कागदाकडे बघितलं आणि निमूट आणखी दोन म्हटली. तेव्हापासून मांड्यापर्यंत कुठेही आवर्तनं असली की काकांना आग्रहाचं बोलावणं असतं. अशी माणसं घराघरात असतात, फक्त सगळ्यांच्या नशिबी स्टोअर नसतं. मग ती बिचारी काडेपेटीतल्या काड्या मोजत बसतात.

आता अशा माणसाच्या घरात डायनोसॉर शिरला कसा, तर मुलीच्या प्रेमापोटी. मुलगी शिकागोला असते. तीन वर्षांपूर्वी काका-काकू तिच्याकडे गेले तेव्हा तिनं त्यांना फील्ड म्युझियम दाखवलं. तिथे ‘स्यू’ आहे, चाळीस फुटांचा टी. रेक्स. १९९० साली साउथ डकोटात स्यू हेंड्रिक्सन नावाच्या बाईंना सापडला म्हणून त्यालाही तेच नाव. १९९७च्या लिलावात त्याला ८० लाख डॉलरच्या वर किंमत आली. लोक आ वासून वर बघत होते. काका खाली माहिती विचारत होते. टी. रेक्सची एकूण हाडं साधारण ३८०, त्यातली स्यूची सापडली २५०.

‘‘एकशेतीस शॉर्ट!’’ काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की काकूंनी त्यांची बाही ओढली. ‘‘आणि मेमो कुणालाच नाही?’’

मग कळलं, की सांगाड्यावरचं डोकंसुद्धा खरं नाही. खरी कवटी इतकी जड, की उभ्या सांगाड्यावर ती बसवत नाहीत. तिला वेगळी काचेची पेटी आहे आणि धडावर नकली डोकं. यावर काकांचा चेहरा जरा निवळला. ‘‘हे बरोबर केलं. जड माल खालच्या रॅकला.’’

मुलीनं बाबांची ही तळमळ पाहिली आणि तिला वाटलं, बाबांना डायनोसॉर आवडला. मुलं परदेशी गेली की आईवडिलांच्या आवडीनिवडींबद्दल त्यांचे असे गोड गैरसमज होतात. २०२५च्या मार्चमध्ये लेगोनं हा सांगाडा बाजारात आणला, खऱ्याच्या एक बारांश, म्हणजे मीटरभरापेक्षा थोडा लांब. मेच्या सुटीत ती तो घेऊन टिटवाळ्यात हजर. पंधरा दिवस राहून परत गेली. काका ती असेपर्यंत खोक्याभोवती फिरत राहिले. पाहुण्यांसमोर स्टॉक घेत नाहीत.

मोठ्या लेगोची रीत अशी, की तुकडे आकडे घातलेल्या पिशव्यांत येतात. एक नंबरची पिशवी फोडा, तेवढं जोडा, मग दोन नंबरची फोडा. आमची चौथीतली मुलगी हे त्यांना सांगायलाच गेली होती. पण आलेला माल मोजल्याशिवाय त्यातला खिळाही द्यायचा नाही, हा काकांचा छत्तीस वर्षांचा नेम. त्यांनी सगळ्या पिशव्या एकदम फोडल्या आणि डबल बेडच्या चादरीवर ओतल्या. मुलीनं कपाळावर हात मारला आणि घरी येऊन मला म्हणाली, ‘‘बाबा, काकांनी त्याचा पार भुगा केला.’’

मोजणीला अकरा दिवस लागले. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, मग त्यावरच्या बोंडांप्रमाणे. त्या दिवसांत काकूंच्या स्वयंपाकघरातून एकेक भांडं बेपत्ता होत गेलं. मिसळणाचा डबा गेला, बर्फाचे ट्रे गेले, शेवटी इडलीपात्र गेलं, कारण खळग्यांसारखी सोय दुसऱ्या कशात नाही. ‘‘अहो, इडल्या कशात करू?’’ ‘‘डोसे कर.’’ प्रत्येक खळग्यापाशी दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड, त्यावर जमा, खर्च, शिल्लक.

बाराव्या दिवशी काका आमच्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मला वाटलं, कमी भरले.

‘‘जास्त भरलेत,’’ ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता.

मी त्यांना समजावलं. लेगोवाले अगदी बारीक तुकडे मुद्दाम एखाददुसरा जादा टाकतात, एखादा हरवला तर पोरांचं काम अडू नये म्हणून. चांगलीच गोष्ट आहे ही. काका ऐकून घेत होते, पण त्यांच्या डोळ्यांत काही शिरत नव्हतं. ‘‘तुला नाही कळायचं,’’ ते म्हणाले. ‘‘स्टोअरला शॉर्ट परवडतं. शॉर्ट म्हणजे चोरी, चोर सापडतो. एक्सेस म्हणजे आपल्याला न कळता काहीतरी घडलंय.’’

एक्सेस नेमके किती, तो आकडा मला ठाऊक आहे. चौकशी चालू असताना आकडा फोडायचा नसतो, म्हणून देत नाही. आता जादा नग कोणते, हे शोधायचं तर एकच मार्ग होता. पुस्तकाबरहुकूम सांगाडा पुरा करायचा आणि जे उरतील ते जादा. जगात डायनोसॉर नाना कारणांनी उभे राहिले. कुणी विज्ञानासाठी उभे केले, कुणी तिकिटासाठी, कुणी सिनेमासाठी. हिशेब जुळवण्यासाठी उभा राहिलेला टिटवाळ्याचा हा पहिलाच असावा.

इथे काका अडले. पुस्तकात अक्षर नाही, नुसती चित्रं. ‘‘सही नाही, शिक्का नाही, नियम क्रमांक नाही,’’ म्हणत ते चित्र उलटंसुलटं करून बघत. तीन संध्याकाळी त्यांनी एका मणक्यावर घालवल्या.

एके दिवशी दुपारच्या झोपेतून उठून त्यांनी कार्डं तपासली आणि थेट आमची बेल वाजवली. इडलीपात्राची दुसरी ताटली, तिसरा खळगा, चौदा नग कमी. संशय आमच्या मुलीवर. ती शाळेत होती, हा पुरावा त्यांनी मान्य केला, पण नाइलाजानं. दुसऱ्या दिवशी आणखी तीस गेले. तिसऱ्या दिवशी काका झोपलेच नाहीत, नुसते घोरले. आणि मिटल्या डोळ्यांच्या फटीतून त्यांना दिसलं, की काकू टेबलाशी बसून डायनोसॉरला बरगड्या लावतायत. भराभर, एकही चूक न करता.

‘‘अगं, तुला हे कळतं कसं?’’

‘‘त्यात काय कळायचंय? ठिपके मोजायचे. चार सोडून पाचव्यावर.’’

काकूंनी चाळीस वर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे. लेगोच्या ठोकळ्यावर काय असतं, तर ठिपके. डेन्मार्कमध्ये बिलुंडला बसून कुणी काय काढलं असेल ते काकूंना एका नजरेत दिसत होतं. काकांना मात्र चित्र दिसतच नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

‘‘नोंद का नाही केलीस?’’

‘‘पोळी लाटताना करते का मी नोंद?’’

दोन दिवस अबोला. मग तह झाला. काकू जोडणार, काका देणार. काकू टेबलाशी, काका इडलीपात्रापाशी, मध्ये पुस्तक. काकू म्हणायच्या, ‘‘मातकट, दोन ठिपक्यांचे, चार.’’ काका चार नग मोजून त्यांच्या तळहातावर ठेवायचे, कार्डावर खर्च टाकायचे, शिल्लक काढायचे. जून-जुलैच्या पावसाळी संध्याकाळी गाड्या रखडल्या की मी नऊ-नऊ वाजता घरी यायचो, तेव्हा समोरच्या दारातून हा खालच्या आवाजातला व्यवहार ऐकू यायचा. एवढे सुखी नवरा-बायको मी टिटवाळ्यात दुसरे पाहिले नाहीत.

एकदा मात्र काकू भजनाला गेल्या असताना काकांनी स्वतःच्या हातानं कंबर बसवली. उलटी. काकू आल्या, बघितलं आणि काही न बोलता नारिंगी पट्टीनं ती काढायला बसल्या. लेगोमध्ये अडकलेले तुकडे सोडवायला ही पट्टी येते. काका इतके ओशाळले की मला त्यांची दया आली. मी त्यांना एडवर्ड कोपची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला बडा शास्त्रज्ञ. १८६९च्या सुमाराला त्यानं इलॅस्मोसॉरस नावाच्या एका लांबलचक मानेच्या समुद्री प्राण्याचा सांगाडा जुळवला आणि डोकं बसवलं शेपटीच्या टोकाला. चूक ध्यानात आली तोवर चित्रासकट छापून झालं होतं. मग तो वाटलेल्या प्रती परत गोळा करत फिरला.

‘‘सगळ्या मिळाल्या?’’ काकांनी विचारलं.

‘‘नाही मिळाल्या.’’

काका हळहळले. ‘‘प्रती मोजून वाटायला हव्या होत्या.’’

माझं असं झालं, की काकांना डायनोसॉरबद्दल काही सांगावं आणि त्यांनी त्याचा हिशेब मागावा, यातच मला गोडी लागली. आपल्याकडे असले प्राणी होते का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी तेच शोधत बसलो होतो. म्हटलं, टी. रेक्स आपल्याकडे नव्हता, तो उत्तर अमेरिकेतला. पण आपले वेगळे होते. सिरोंचाच्या पुढे, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात १९६०-६१च्या सुमाराला मोठं उत्खनन झालं. तीनशेच्या आसपास हाडं निघाली. ते वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. तो सांगाडा आज कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे.

‘‘तीनशे हाडं एका जनावराची?’’

‘‘नाही. निदान सहा जनावरांची मिळून.’’

‘‘आणि डोकं?’’

‘‘डोकं नाही सापडलं. एकाचंही.’’

काका खुर्चीवरून उठले. ‘‘सहा जनावरं आणि डोकं एकाचंही नाही? स्टोअरकीपर कोण होता?’’

मग मी त्यांना चंद्रपूर जिल्ह्यात नेलं. तिथल्या डोंगरगावला सापडलेल्या डायनोसॉरचं नाव इसिसॉरस, त्याच इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आणि वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात. शास्त्रज्ञांनी ते फोडून तपासले, त्यात गवताचे अंश मिळाले, आणि २००५ साली जगाला कळलं की डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं. काकू ‘शी’ म्हणून आत गेल्या. काका पहिल्यांदाच समाधानी दिसले. ‘‘याला म्हणतात रेकॉर्ड. शेणसुद्धा टाकलं नाही.’’

‘‘आणि टिटवाळ्यात?’’

टिटवाळ्यात काळा कातळ. माहुलीपासून माळशेजपर्यंत जे काही उभं आहे ते सगळं लाव्ह्याचं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेलं. टी. रेक्स तिकडे शेवटच्या घटका मोजत होता त्याच सुमाराला इकडे दख्खन वितळून वाहत होती. खाली काही असलंच तर त्याच्यावर शेकडो मीटर दगड. काका बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

‘‘म्हणजे स्टोअरला आग लागली,’’ ते म्हणाले, ‘‘आणि जुनं लेजर जळलं.’’

दख्खनच्या पठाराचा याहून सोपा खुलासा मी तरी वाचलेला नाही.

सांगाडा पुरा झाला तो गणपतीच्या तीन दिवस आधी. जबडा उघडत होता, मिटत होता, दोन-दोन बोटांचे ते हास्यास्पद हात पुढे होते, आणि शेपूट टेबलाच्या कडेच्या बाहेर गेली होती. शेजारी एका वाटीत उरलेले नग. काकांनी ते मोजले, बाराव्या दिवसाच्या आकड्याशी ताडले. तंतोतंत जुळले. मला वाटलं, सुटलो. पण काकांनी ती वाटी पेढ्यांच्या रिकाम्या पुड्यात ओतली, वरून चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली. एक्सेस सिद्ध झाला होता. कारण सिद्ध व्हायचं होतं.

आणि गणपती? काकांकडे गणपती बसतो तो याच टेबलावर. २७ ऑगस्टला चतुर्थी, २६ला मखर. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला: ‘‘दोघांतला एकच बसेल.’’

त्या रात्री टी. रेक्स आमच्या घरी आला. पुढून काका, मागून मी, शेपटीखाली आमची मुलगी दोन्ही तळवे धरून, आणि मधल्या पॅसेजमध्ये सगळ्या मजल्याची पोरं. कुणीतरी ओरडलं, ‘‘काका, विसर्जन काळू नदीत की तलावात?’’ काका मान न वळवता म्हणाले, ‘‘परतीचा गेटपास आहे.’’ आणि खरंच होता. टीव्हीखालच्या टेबलावर सांगाडा ठेवून झाल्यावर मला कागद दिला: ‘सांगाडा १, जोडलेल्या स्थितीत, गौरीविसर्जनानंतर परत.’ सही करून मी तो आत नेत होतो, तर काका म्हणाले, ‘‘ती माझी प्रत. तुझी खालची.’’

आमच्या आईला सणासुदीत घरात हाडं चालेनात. ‘‘प्लॅस्टिकची असली म्हणून काय झालं?’’ तिनं त्याच्यावर जुनं लुगडं टाकलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते शिवणयंत्र वाटलं. एकीनं ब्लाउजचं माप विचारलं.

सातव्या दिवशी गौरी-गणपती गेले, सांगाडा परत गेला आणि काकांनी डोक्यापासून तपासणी सुरू केली. अर्ध्या तासात हाक आली. शेपटीच्या टोकाकडचा एक नग नव्हता. शेंगदाण्याएवढा, मातकट. आम्ही सोफा उलटा केला, केरसुणी झटकली, लुगडं चारदा झाडलं. आईनं गौरीची शपथ घेतली. शेवटी मला सुचलं, म्हटलं, ‘‘काका, त्या पुड्यात तसलाच एक असणार. म्हणूनच तर जादा देतात!’’

पुडा उघडला. होता, हुबेहूब. मी हात पुढे केला, तर काकांनी झाकण मिटलं.

‘‘इंडेंट दे.’’

मी इंडेंट लिहिला. मागणीचं कारण: मूळ नग गहाळ. गहाळ होण्याचं कारण: या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं, ते त्यांनी खोडून ‘ताबेदाराचा निष्काळजीपणा’ केलं. ताबेदार म्हणजे मी. मग नग मिळाला, काकूंनी तो क्षणात बसवला, आणि वहीत नोंद झाली: ‘एक्सेसमधून खर्च १. मूळ नगाचा तपास चालू.’

दिवाळीत पोरांनी बिल्डिंगच्या दाराशी किल्ला केला. माती, तरट, अळीव पेरलेलं, वर शिवाजी महाराज. काका नेहमीप्रमाणे पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि त्यांनी मावळे मोजले. मीही बघत होतो. दरवाजावरच्या बुरुजात एक तोफ होती, शेंगदाण्याएवढी, मातकट, पुढच्या टोकाला एकच ठिपका. मी मुलीकडे बघितलं. ती आभाळाकडे बघत होती.

काका म्हणाले, ‘‘मावळे तेवीस. गेल्या वर्षी चोवीस होते,’’ आणि चोविसाव्याच्या शोधात वाकले.

ती तोफ आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. टिटवाळ्याला दर्शनाला आलात तर समोरच्या घरी जरूर डोकवा, सांगाडा बघण्यासारखा आहे, काकू डोसेही देतील. खणातलं मात्र काकांपाशी बोलू नका.